आडेभाऊंचं ‘समजा’

आडेभाऊ कुठल्याही मांडवात शिरले की आधी मांडवाचा खांब हलवून बघतात. नमस्कार-चमत्कार सगळं नंतर. माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती, भटजींनी सूर वर चढवला होता, सगळ्यांच्या मुठीत अक्षता होत्या, आणि हे गृहस्थ वधूच्या बरोबर मागचा खांब दोन्ही हातांनी धरून मागेपुढे रेटत होते. वरची झालर थरथरली. व्याही दचकून वर बघायला लागले. मी डोळ्यांनीच आडेभाऊंना दटावलं, तर ते गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आले आणि कानाशी लागून म्हणाले, “खांब पक्का आहे ताई. पण समजा, वारा उलटीकडून आला तं?”

हे ‘समजा’ म्हणजेच आडेभाऊ. परसराम आडे म्हणून विचारलंत तर आर्णीत तुम्हाला कोणी पत्ता सांगणार नाही. समजाभाऊ म्हणा, पानठेल्यावरचा माणूस उठून घरापर्यंत आणून सोडेल. मी त्यांची भिंतीला भिंत लागलेली शेजारीण, शाळेत मराठी शिकवते, आणि गेली कित्येक वर्षं या माणसाच्या काळज्या उशाशी घेऊन झोपते.

मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपण म्हणतो. आडेभाऊंच्या बाबतीत वैऱ्याला काही कामच उरत नाही. मी भाजीला निघाले की ते फाटकाशी उभे. “छत्री घेतली का?” बाहेर चैत्राचं ऊन रणरणत असतं. “समजा, आभाळ आलं तं?” त्यांच्या खांद्याला रेक्झिनची एक पिशवी कायम लटकलेली असते. तिच्यात टॉर्च, मेणबत्ती, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी, सुतळी, सेफ्टी पिना, ओव्याची पुडी आणि चपलेचा एक जादा अंगठा. चपलेचा अंगठा कशाला, म्हणून मी एकदा हसले होते. नंतर नेरला एका बारशाला जाताना बसमधून उतरता उतरता माझीच चप्पल तुटली. त्यांनी पिशवीतून अंगठा काढला, रस्त्यातच बसून बसवून दिला आणि जराही विजयी चेहरा केला नाही. उलट जास्तच हिरमुसले. एक काळजी खरी ठरली म्हणजे बाकीच्याही खऱ्या ठरू शकतात, असा त्यांचा हिशेब.

याला कारण त्यांची नोकरी, असं आमच्या गल्लीचं मत आहे. बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांचा जन्म गेला. तिथे बसून त्यांनी अनेक पिढ्यांना अनेक गाड्यांची माहिती दिली, पण “गाडी येणार” हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकल्याचं सांगत नाही. “यवतमाळहून निघाली म्हणतात. पण समजा, जवळा फाट्यावर पंक्चर झाली तं?” माणूस खिडकीशी यायचा तो प्रवासाला निघालेला, आणि परतायचा तो घरच्यांची आठवण काढत. माइकवर मात्र आवाज असा खणखणीत की स्टँडबाहेरच्या रसवंतीतला माणूस ग्लास खाली ठेवून ऐकायचा. निवृत्त झाल्यापासून त्यांनी माइकला हात लावला नव्हता. “समजा, शॉक बसला तं?”

लीलावहिनी, म्हणजे त्यांची बायको, अगदी उलट. अंगापिंडानं भक्कम, आवाज शांत, आणि नवऱ्याच्या प्रत्येक ‘समजा’ला त्यांचं एकच ठरलेलं उत्तर.

“समजा, गॅस संपला तं?”

“मंग चुलीवर भाकर टाकू.”

“समजा, भूकंप झाला तं?”

“मंग बाहेर बसून भाकर खाऊ.”

मला एकदा त्या म्हणाल्या, “काय सांगू ताई, ह्यायची सपनातबी गाडी चुकते. मंग मलेच उठवते, म्हणते, तुह्या डोक्यावरचं गाठोडं कुठे राह्यलं?”

तर अशा माणसाचा एकुलता एक मुलगा सैन्यात गेला. विशाल लहानपणापासून आमच्याच अंगणात वाढला. बंजारा तांड्यावरच्या आजीकडे गेला की तिच्या गोरबोलीत बोलायचा, माझ्याशी शुद्ध मराठीत आणि बापाशी जवळजवळ नाहीच. दारव्हा रोडला पहाटे पळायला जायचा. भरतीत निवड झाल्याची बातमी आली तेव्हा गल्लीनं पेढे खाल्ले, पण सगळ्यांचा एक डोळा आडेभाऊंकडे होता. आता ‘समजा’चा पूर येणार, कोण थोपवणार, या विचारानं आमचं धाबं दणाणलं होतं. पूर आला नाही. विशालला गाडीत बसवताना त्यांनी फक्त सीट हलवून बघितली आणि म्हणाले, “थंडीत कान झाकत जाय.” बस सुटली. ते तिच्या मागे रिकाम्या फलाटाकडे बघत उभे राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, तुमच्या घराच्या मागच्या भिंतीले ओल येऊन राह्यली. समजा, पावसाळ्यात बसली तं?”

तेव्हापासून आमच्या गल्लीला एक गोष्ट कळून चुकली आहे. विशालचा फोन रविवारी येतो. आला की सोमवारी आडेभाऊ बरेचसे माणसात असतात. त्याचं ठाणं कुठेतरी उंचावर आहे, तिथे कधी कधी फोनची लाइन लागत नाही. मग सोमवारी सकाळीच आमच्या टाकीत पाल पडलेली असू शकते, शाळेच्या छताचं प्लास्टर मुलांच्या डोक्यात येऊ शकतं, समोरच्या सोनाराचं मांजर पिसाळू शकतं. लीलावहिनी पाण्याला आल्या की मी न विचारताच सांगतात, “काल कोरडा गेला, ताई.” एवढंच. विशालविषयी काही शंका आडेभाऊंनी बोलून दाखवलेली मी ऐकली नाही, आणि विचारायची आमची कोणाची छाती झाली नाही. त्यांना पालीची काळजी करू द्यायची, हे गल्लीनं न ठरवता ठरवलं होतं.

गेल्या वर्षी गावात स्मारकाचं निघालं. आमच्या तालुक्यातले जे जवान लढाईत गेले, त्यांच्या नावांचा दगड बसस्टँडसमोरच्या चौकात उभारायचा. पुढाकार गावंडे सरांचा. ते आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, माणूस सोन्यासारखा, फक्त माइक हातात आला की कुठे थांबायचं ते त्यांना कळत नाही. निधीसाठी त्यांनी एक संध्याकाळ ठरवली. शाळेच्या मैदानावर देशभक्तीची गाणी, पोरींचा नाच, लेझीम, बचत गटाच्या बायकांचे वडा-भाकरीचे ठेले, आणि शेवटी स्टेजवर स्मारकाच्या दगडाचं दर्शन. सूत्रसंचालन माझ्याकडे. व्यवस्था कोणाकडे, असं निघाल्यावर सरांनी क्षणभरही विचार केला नाही.

“ज्याला सगळं बिघडताना दिसतं, त्याच्याच हातात सगळं द्यावं,” ते म्हणाले. बैठक हसली. आडेभाऊ हसले नाहीत. त्यांनी खिडकीबाहेर आभाळाकडे बघितलं.

पुढचे काही दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. आधी एक जनरेटर ठरला. “समजा, तोबी बंद पडला तं?” म्हणून दुसरा आला. त्या दुसऱ्याच्या भरवशावर राहणं त्यांना जमेना म्हणून तांड्यावरून एक जुनी गॅसबत्ती आली. मग माझ्या घशाची पाळी. “समजा, ऐन वेळी ताईचा घसा बसला तं?” असं म्हणत त्यांनी ज्येष्ठमधाच्या काड्या आणून दिल्या आणि रोज संध्याकाळी येऊन मला दोन वाक्यं बोलायला लावून आवाज तपासायला लागले. चौथ्या दिवशी माझा घसा खरंच बसला. नुसत्या काळजीनं बसला, हे मी डॉक्टरांना शपथेवर सांगितलं.

पण कळस झाला तो पाहुण्यांचा. प्रमुख पाहुणे एक निवृत्त सुभेदार, वणीहून यायचे होते. “वणीचा रस्ता म्हणजे कोळशाच्या ट्रकायची रांग,” आडेभाऊ म्हणाले. “समजा, अडकले तं? स्टेजवर कोणाले बसवसान?” आणि या माणसानं आम्हाला न विचारता एक राखीव पाहुणा ठरवून टाकला. आमच्याच गावचे निवृत्त नायब तहसीलदार. त्यांना सांगितलं की इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेच्या कडेला बसा, खूण केली की वर या. त्यांनी भाषणही लिहून काढलं. अभिमानानं गावभर सांगितलंसुद्धा, की मी राखीव आहे. गावंडे सरांनी कपाळाला हात लावला.

या सगळ्याची मी चेष्टा करत होते खरी, पण हसू पुरतं येत नव्हतं. कारण दोन रविवार कोरडे गेले होते. त्यात टीव्हीवर सरहद्दीच्या बातम्या, लाल पट्ट्या, ओरडणारी माणसं. आडेभाऊंनी घरातल्या टीव्हीची वायरच काढून ठेवली. “समजा, वीज कडाडली तं? डबडं जळून जाईन.” आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. लीलावहिनी दिवसभर फोन कमरेला खोचून वावरायच्या आणि रात्री उशाशी ठेवायच्या. भाकरी थापताना माझ्यासमोर फोनला पिठाचा हात लागला, तर पदरानं इतक्या जपून पुसला की मलाच बघवेना.

अखेर तो दिवस उजाडला. आडेभाऊ सकाळपासून मैदानावर चौफेर. मांडवाचे खांब त्यांनी एकूण एक हलवून बघितले. दुपारी दगड आला. काळाकभिन्न, छातीएवढा उंच, वर चादर गुंडाळलेली. कारागिरानं नावं रंगानं आखून आणली होती, लोकांनी बघितल्यावर मग कोरायची होती. चादर काढून बघावी असं आडेभाऊंच्या मनातही आलं नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष स्टेजच्या फळ्यांकडे. “समजा, वजनानं स्टेज बसलं तं?” त्यांनी स्वतः खाली वाकून विटांचे थर लावले. बाहेर आले तेव्हा डोक्यावर कोळीष्टकं होती. लीलावहिनींनी ती पदरानं काढली, तशी त्यांनी बायकोकडे नुसतं बघितलं. वहिनींनी मान हलवली. फोन आला नव्हता.

संध्याकाळ सुरू झाली, आणि काय सांगू, काहीच बिघडलं नाही. लाइट गेली नाही. पाऊस आला नाही. सुभेदारसाहेब वेळेच्या आधीच हजर. त्यांना बघून राखीव पाहुण्यांचा चेहरा असा पडला की कोणाला वाटावं घरी काही बरंवाईट झालंय. पोरी न अडखळता नाचल्या. वडे संपले, पुन्हा तळायला घेतले. प्रत्येक गोष्ट सुरळीत झाली की आडेभाऊ आणखी अस्वस्थ व्हायचे. दोन गाण्यांच्या मध्ये मी पडद्यामागे गेले, तर ते जनरेटरजवळ उभे. घामेजलेले. म्हणाले, “सारं बरोबर होऊन राह्यलं ताई. मले लक्षण ठीक दिसत नाही.”

“गप बसा हो, भाऊ,” मी म्हटलं आणि स्टेजकडे वळले.

मग दगडाची वेळ आली. पहिल्या रांगेत त्या जवानांच्या घरची माणसं बसली होती. त्यात सोनीबाई होती, तांड्यावरची, जिला आम्ही सगळे याडी म्हणतो. याडी म्हणजे आई. तिचा मुलगा विशालच्या बराच आधी सैन्यात गेला आणि परत आला नाही. विशाल लहान असताना त्याच्याकडून कागदाची विमानं करून घ्यायचा. आम्ही तिला शाल दिली होती. ती शाल घडी न मोडता मांडीवर घेऊन ती बसली होती.

गावंडे सरांनी चादर ओढली. टाळ्या झाल्या. दगड खरोखर देखणा होता. वर चार नावं, पांढऱ्या रंगात, सुरेख अक्षरांत. आणि त्यांच्या खाली अर्ध्याहून जास्त दगड कोरा.

सरांनी माइक घेतला. “आपण बघताच आहात, नावं वरच्या बाजूला घेतली आहेत. खाली मी मुद्दाम जागा सोडायला लावली. आपला तालुका वीरांचा आहे. दूरदृष्टी ठेवावी लागते. आपल्या आडेभाऊंच्या शब्दांत सांगायचं तर, समजा...”

इथे ते हसून थांबले. माणूस भाबडा, त्यांना वाटलं आपण आडेभाऊंचा गौरवच करतोय. आणि गाव हसलं. ‘समजा’ म्हटलं की हसायची गावाला सवयच होती. हसू शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. पुढे काय म्हणायचं, हे मग सरांनाच सुचेना. समजा काय? ते वाक्य पुरं कसं करणार? हसू जिथल्या तिथे विरत गेलं. एकेक मान मागे वळायला लागली, आधी गल्लीतल्या लोकांची, मग इतरांची. जनरेटरच्या दिशेनं.

लीलावहिनी बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता आणि दुसरा हात कमरेच्या फोनवर होता.

आडेभाऊ खुर्च्यांच्या मधून चालत आले. घाई नव्हती, पण वाटेत कोणाकडे बघितलं नाही. स्टेजच्या पायऱ्या चढताना त्यांनी कठडा हलवून बघितला नाही, हे माझ्या लक्षात आलं. त्यांनी सरांच्या हातातला माइक घेतला. शॉकबिक काही आठवलं नाही त्यांना.

“सर,” ते म्हणाले. तोच आवाज, स्टँडवरचा, खणखणीत. “या दगडावर जागा ठेवू नका.”

गावंडे सर गडबडले. गडबडले की ते मुख्याध्यापक होतात. “अहो आडे, पण उद्या लागली तर? तेव्हा नाव कुठे कोरणार आपण?”

“तवाचं तवा पाहू,” आडेभाऊ म्हणाले.

मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. पावसाचं, पालीचं, पंक्चरचं, भूकंपाचं, कशाचं म्हणून या माणसानं तवाचं तवा पाहिलेलं नाही. सगळं आधी पाहिलं. मैदानावर बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत होतं.

“दुसरा दगड आणू,” ते पुढे म्हणाले. आवाज आता खणखणीत राहिला नव्हता. “लागला तं मी आणून देईन, माह्या डोक्यावर आणून देईन. पण याच्यावर मोकळं ठेवू नका. फुलं काढा, पानं काढा, काहीबी काढा. असं मोकळं पाह्यलं का मले... ” त्यांनी माइक खाली केला.

तेव्हा सोनीयाडी उठली. तिला माइकची गरज नव्हती, तांड्यावरची बाई, वावराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारणारी. “सरजी, माह्या लेकाच्या खाली पडीक नका ठेवू,” ती म्हणाली. “वावर मोकळं दिसलं का कोणीबी शिरते. पेरून टाका.”

गावंडे सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कारागिराकडे वळून एवढंच म्हणाले, “पेरून टाका हो.”

पुढचा कार्यक्रम कसा पार पडला, मला नीट आठवत नाही. मी माझा घसा बसल्याचं निमित्त केलं आणि ते खोटंही नव्हतं. शेवटी राखीव पाहुण्यांची सोय झाली, कारण सुभेदारसाहेब उठून उभे राहिले, दगडाला सलाम केला आणि भाषण न करताच खाली बसले. नायब तहसीलदारांनी संधी सोडली नाही. ते बराच वेळ बोलले आणि त्या दिवशी कोणाला त्याचा राग आला नाही.

गर्दी पांगल्यावर गावंडे सर आडेभाऊंकडे आले. “चुकलं गा माझं, परसराम,” म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी आडेभाऊंना नावानं हाक मारलेली मी ऐकली. आडेभाऊ खुर्च्या एकात एक घालत होते. “तुमचं काय चुकलं सर,” ते म्हणाले. “तुम्ही तं दगडाचा विचार केला.” आणि सरांच्या हातात एक खुर्ची दिली. मग दोघांनी मिळून रांग उचलली.

विशालचा फोन आला. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे एका दुपारी आला, रविवार नसताना. त्याचं ठाणं बदललं होतं, बाकी काही नाही. लीलावहिनी अंगणातूनच ओरडत माझ्याकडे आल्या, हातात पीठ, आणि फोन पिठानं माखलेला. आडेभाऊंनी फोनवर मुलाला विचारलं, “कान झाकून राह्यला का?” आणि फोन बायकोला देऊन ते न्हाणीघरात गेले. बराच वेळ नळ चालू होता. आमच्या गल्लीत पाणी जपून वापरतात, सगळ्यात जपून आडेभाऊच.

दगड आता चौकात उभा आहे. कारागिरानं मन लावून काम केलंय. चार नावांखाली ज्वारीची कणसं आहेत, कापसाची बोंडं, तुरीच्या शेंगा, आणि मधून मधून वेल अशी फिरलीय की दाट पिकातल्यासारखी जमीनच दिसत नाही. स्टँडवर उतरणारे लोक थांबून बघतात. विशाल अजून वरच असतो. फोन कधी येतो, कधी येत नाही.

परवा सकाळी शाळेत निघाले होते, तर आडेभाऊ दगडापाशी उकिडवे बसलेले दिसले. मला वाटलं पडले की काय. जवळ गेले. ते अंगठ्यानं नक्षीवरून खालून वर, एकेक पान चाचपत होते. नारळाच्या करवंटीत सिमेंटसारखं काहीतरी कालवून आणलं होतं.

“काय करताय, भाऊ?”

“हे पाहा ताई,” त्यांनी खालचा कोपरा दाखवला. वेलीचं टोक आणि कडेची रेघ यांच्यामध्ये बोटभर दगड कोरा राहिला होता. कोणाच्या डोळ्यांना दिसला नसता. एखादं अक्षरसुद्धा तिथे मावलं नसतं.

मला काहीतरी थट्टेचं बोलायचं होतं. नेहमी बोलते. या माणसाच्या भीतीला आजवर आम्ही किती नावं ठेवली, आणि ती कशाच्या आडोशाला उभी आहे, हे ठाऊक असूनही कधी तिच्या शेजारी जाऊन बसलो नाही.

“सिमेंट उठून दिसेल काळ्यावर,” मी म्हटलं.

“काळा रंग मिसळून आणला,” ते म्हणाले. त्यांनी करवंटी माझ्या हातात दिली, बोट बुडवलं आणि तो कोपरा भरायला घेतला. शाळेची घंटा झाल्याचं ऐकू आलं. मी करवंटी धरून तिथेच बसले.